अण्णांनी निवडलेला कठडा

चैत्रातल्या एका सकाळी आमच्या बाल्कनीच्या कठड्याचा एक गज अण्णांच्या हातात आला. आवाजसुद्धा झाला नाही. मी आत पोळ्या लाटत होते. "बाई, हे बघ काय आलं माझ्या हातात," अशी हाक ऐकून बाहेर गेले, तर माझे वडील तिसऱ्या मजल्यावर गंजलेला लोखंडी गज दोन्ही हातांत धरून मोठ्या कुतूहलानं चाचपत उभे होते. गजाचं बूड पार पोखरलं होतं. वरचा दांडाही भिंतीपाशी सुटला होता आणि अण्णा नेमके त्यालाच टेकले होते. मी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. त्यांच्या बाहीवर माझी पिठाची पाच बोटं उठली.

"पडणार नव्हतो मी," ते म्हणाले.

"वरचा दांडा सुटलाय अण्णा. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं की. दिसतं मला."

आई गेल्यावर अण्णा गौलीगुड्याचं घर सोडून माझ्याकडे विद्यानगरला राहायला आले, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी लग्न केलं नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, दोन खोल्यांचा फ्लॅट आणि समोरच्या विद्यापीठाच्या कॅम्पसमधल्या झाडांकडे तोंड करून असलेली ही बाल्कनी, एवढा माझा संसार. अण्णा तरुणपणी परभणीकडून इकडे, तेलुगू मुलखातल्या या शहरात आले. शेतीच्या वाटण्या होता होता त्यांच्या वाट्याला काही उरलं नव्हतं. गौलीगुड्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात ते कामाला लागले आणि तिथंच म्हातारे झाले. दुकान त्यांचं नव्हतं, पण गिऱ्हाइकं त्यांना विचारून भांडं घेत. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि सांगायचं, हे घ्या, हे नका घेऊ.

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डावा डोळा केव्हाच गेला होता. उजव्यात मी दिवसातून दोनदा थेंब घालायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर कडेकडेनं आवळत जाईल. मी अधूनमधून विचारायची, "कितपत दिसतं अण्णा?" ते म्हणायचे, "दिसतं की." आणि मी विश्वास ठेवायची. खरं सांगायचं तर त्या उत्तरावर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं.

कारण त्यांचे दिवस सुरळीत चालले होते. सकाळी ते बाल्कनीत उभे राहत. कॅम्पसातून मोरांचा केकारव यायचा, खालून कुणाच्या तरी घरातल्या पोपूचा, म्हणजे फोडणीचा, वास यायचा. दुपारी झाडांवर असं ऊन साचायचं की सगळं विद्यानगर पाण्याखाली बुडालंय आणि आपण तळाशी बसून वर बघतोय असं वाटावं. सुटीच्या दिवशी मी त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसायची. तासन्‌तास आम्ही काही बोलायचो नाही. मध्येच अण्णा म्हणायचे, "वारा फिरला." थोड्या वेळानं खरोखरच पानं उलटी व्हायची.

गज निघाला त्या दिवशी मी बाल्कनीचं दार लावून टाकलं आणि आडवी दोरी बांधली. अण्णा दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची ठेवून बसू लागले. तक्रार केली नाही. फक्त जेवण कमी झालं.

मलकपेठला रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत ग्रिल आणि रेलिंग बनवणाऱ्यांची दुकानं आहेत. पुढच्या रविवारी मी तिथं गेले. पहिल्या दोन दुकानांत पुरुष होते आणि दोघांनीही मला विचारलं, "साब नै आए?" तिसऱ्या दुकानात काळ्या बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेली, साधारण माझ्याच वयाची बाई टेपनं एक पाइप मोजत होती. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं वाढल्यापासून दुकान तीच बघत होती, जोडकाम तिचा भाऊ करायचा. तिनं मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "घर में कौन कौन हैं?"

मला हा प्रश्न आवडला. मी अण्णांबद्दल सांगितलं.

तिनं दोन तुकडे माझ्या मांडीवर ठेवले. एक कॉफीच्या रंगाचा अॅल्युमिनियमचा, दुसरा चकचकीत स्टीलचा. दोन्ही पोकळ, हातभर लांब. अॅल्युमिनियमचा इतका हलका की त्यात काही आहे असं वाटेना. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. अॅल्युमिनियम गंजत नाही, रंग भट्टीत भाजून चढवलेला असतो, वर्षानुवर्षं टिकतो. जुन्या स्लॅबवर भार येत नाही. स्क्रूनं बसतं, घरात ठिणग्या उडत नाहीत. फक्त मऊ असतं. काही जड आदळलं तर पोचा पडतो आणि तो निघत नाही. स्टील मजबूत, पण त्यातही दोन प्रकार. हलकं स्टील दोन पावसाळ्यांत तपकिरी ठिपके धरतं. चांगल्या स्टीललाही जोडाच्या जागी नीट पॉलिश केलं नाही तर तिथून डाग सुरू होतात. बोटं उमटतात, पुसत बसावं लागतं.

"चुंबक लावून कळतं ना?" मी विचारलं. अण्णा तसं करायचे.

"चुंबक पे भरोसा नक्को, आपा," ती हसून म्हणाली. तिनं एका बाटलीतलं औषध दोन वेगवेगळ्या स्टीलच्या तुकड्यांवर थेंबभर टाकलं, बॅटरीची तार टेकवली. एक थेंब लाल झाला, दुसरा होता तसाच राहिला. "लाल हुआ सो हलका."

मग तिनं मला विचारलं, माझं मन कशाकडे आहे. मी अॅल्युमिनियमकडे बोट केलं. आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेकांनी तेच, त्याच कॉफी रंगाचं बसवलं होतं. शिवाय काचबिंदूच्या डोळ्यांना चकाकी सोसत नाही असं मी कुठंतरी वाचलं होतं. ती म्हणाली, घाई करू नका, दोन्ही तुकडे घरी न्या, आठ दिवस उन्हात ठेवा. "हात तो चचा का रहेगा न उस पे."

ते आठ दिवस मला एखाद्या लांब दुपारीसारखे आठवतात. मी बाल्कनीचं दार उघडलं, उंबऱ्याच्या पलीकडे एक स्टूल ठेवलं आणि त्यावर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी मांडले. अण्णांना काम मिळालं. त्यांनी प्रथम टिचकी मारली. अॅल्युमिनियम टप्‌ असं बोललं आणि गप्प झालं. स्टीलचा आवाज बारीक होत होत कुठंतरी लांब गेला.

"हे आपलं जर्मन," अण्णा म्हणाले. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्या घरी जर्मनच म्हणत. "तुझ्या आजोळी भात याच्यातच शिजायचा. जर्मनचं पातेलं चुलीवरनं पडलं की त्याला पोचा यायचा. मग तो पोचा बघून आपलं पातेलं ओळखायचं. लग्नात शेजारची भांडी एकत्र आली तरी घोटाळा व्हायचा नाही."

मी कामावरून आले की ते दिवसभराचं सांगत. सकाळी दोन्ही गार. दहाला अॅल्युमिनियम कोमट. भर दुपारी दोन्हीवर हात ठेववत नाही. पण ऊन सरकून सावली आली की अॅल्युमिनियम लगेच निवतं आणि स्टील मात्र बराच वेळ ऊब धरून राहतं. एका संध्याकाळी मी आले तेव्हा ते स्टीलच्या तुकड्यावर तळहात ठेवून डोळे मिटून बसले होते. झाडांवर सोनेरी धूळ तरंगत होती. त्यांचा चेहरा इतका शांत होता की मी चपला हातात घेऊन आत गेले.

"मला जर्मन आवडलंय. तुमचं काय ठरलं अण्णा?"

"तू म्हणशील ते. जर्मन चांगलं आहे. हलकं आहे."

मी मलकपेठच्या त्या बाईला फोन करून अॅल्युमिनियम सांगितलं. दोन दिवसांनी ती माप घ्यायला आली. अण्णांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, तिच्या नवऱ्याच्या पाठीची चौकशी केली. ते कुणाशीही दख्खनीत, इथल्या हिंदी-उर्दूत, बोलायला लागले की वीस वर्षांनी लहान व्हायचे. माप झाल्यावर ती म्हणाली, "चचा, वो टुकडे देव जरा."

अण्णा स्टुलाकडे वळले. स्टीलचा तुकडा त्यांनी थेट उचलला आणि तिच्या हातात दिला. मग दुसऱ्यासाठी हात पुढे केला. अॅल्युमिनियमचा तुकडा तिथंच होता, त्यांच्या हातापासून वीतभर लांब. अण्णांचा हात स्टुलावर उजवीकडे गेला, डावीकडे गेला, कडेपर्यंत जाऊन परत आला. मग बोटांना तो लागला. त्यांनी तो असा उचलला की जणू मुद्दामच रेंगाळले होते.

जिन्यापर्यंत मी तिला सोडायला गेले. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "आपा, चचा कू दिखता नै."

"थोडं कमी दिसतं," मी म्हणाले.

"थोडा नै, आपा." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "चमकता सो दिखता उनकू. बाकी कुछ नै दिखता. मेरे अब्बा का बी ऐसाच था."

ती गेल्यावर मी बराच वेळ जिन्यातच उभी होते. मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. हल्ली ते वर्तमानपत्र चाळत, पण बातमी कधी सांगत नसत. चहाचा कप मी हातात दिल्याशिवाय घेत नसत. माझ्या नव्या चष्म्याबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते. आणि सुटलेला दांडा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं.

आत आले तेव्हा अण्णा खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"अण्णा, माझ्या साडीचा रंग कोणता?"

 पंखा फिरत राहिला. मग अण्णा म्हणाले, "दिवाळीपासून रंग गेले, बाई."

"सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तू नोकरी सोडून घरी बसली असतीस. नाहीतर दिवसभरासाठी कुणीतरी ठेवलं असतंस माझ्यावर नजर ठेवायला." त्यांनी कधी नव्हे ते माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा चुकून कानावर पडला. "धुकं आहे असं समज. मुगाच्या वरणासारखं दाट. त्यातून मधेच एखादी गोष्ट चमकते. तांब्यातलं पाणी. तुझ्या बांगडीचा काठ. समोरच्या गच्चीवरची टाकी उन्हात एक मिनिट दिसते आणि जाते."

"आणि स्टीलचा तुकडा?"

"तो दिसतो," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "उभी रेघ दिसते. पांढरी. बारा वाजल्यापासून ऊन उतरेपर्यंत."

"मग मला जर्मन का आणायला सांगितलंत?"

"तुला ते आवडलं होतं."

मी रडले. अण्णांनी मला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी मलकपेठला गेले. डोक्यात एक तोडगा होता, वरचा दांडा स्टीलचा करू आणि खालचे गज अॅल्युमिनियमचे. म्हणजे भारही कमी, अण्णांची रेघही शाबूत. ती बाई मान हलवायला लागली.

"दोनों कू साथ नक्को बिठाव. बारिश का पानी लगा तो एक दूसरे कू खाते." मग जरा थांबून म्हणाली, "चचा कू एक लकीर कैकू देरे? पूरा देव न."

म्हणून पूर्ण कठडा स्टीलचा ठरला. चांगल्यातल्या स्टीलचा, औषधाच्या थेंबानं लाल न होणारा. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी मला गेटपाशी गाठलं. समोरून सगळ्या बाल्कन्या एकसारख्या दिसाव्यात असं ठरलेलं आहे, तुमची एकटीची चमकेल, ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं, "चमकावी म्हणूनच बसवतेय. माझ्या वडिलांना तेवढंच दिसतं." ते तेलुगू गृहस्थ, मराठी त्यांना येत नाही, मी हिंदीत बोलत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, "सरे, अम्मा," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

वैशाखातल्या एका गुरुवारी दुकानवाल्या बाईचा भाऊ सामान घेऊन आला. स्लॅबची कड तपासून त्यानं नवे खांब आतल्या भक्कम भागात रोवले. बहीण दिवसभर उभी राहून प्रत्येक जोड घासून घेत होती. स्वतः खाली बसून, गाल जवळ नेऊन, बोट फिरवून बघायची आणि म्हणायची, "हौ, अब ठीक." शेवटचा जोड तिनं अण्णांना तपासायला लावला. त्यांनी पेरानं टिचकी मारली, कान लावला आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी घरीच थांबले. बाराच्या सुमारास ऊन बाल्कनीत शिरलं. आधी डाव्या टोकाचा गज पेटला, मग दुसरा, मग तिसरा. अण्णा दारात उभे होते. त्यांनी हात पुढे केले नाहीत, चाचपडले नाहीत. चार पावलं चालले आणि कठड्यापाशी बरोब्बर थांबले. मग कडेनं चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत आले. ओठ हलत होते. ते गज मोजत होते.

"एकवीस," ते म्हणाले. "बरोबर?"

मी मोजले. एकवीसच होते.

त्या वर्षीचा पावसाळा आणि हिवाळा असा गेला. पावसाळ्यात रेघा कधीतरीच दिसायच्या, पण दिसल्या की अण्णा मला ग्रंथालयात फोन करून सांगायचे, "आज आठ दिसले." मी समोरच्या मुलांना पुस्तकं देता देता, बरं, बरं, म्हणायची. हिवाळ्यात ऊन तिरपं होऊन खोलीत आतपर्यंत यायचं आणि कठड्याचा उजेड छतावर लांब पट्ट्यांनी पडायचा. अण्णा पलंगावर उताणे पडून ते पट्टे सरकताना बघायचे. मीही शेजारी आडवी व्हायची. कुठला पट्टा हलतोय आणि कुठला झोपेत हलल्यासारखा वाटतोय ते काही वेळानं कळेनासं व्हायचं. अशा अर्धवट झोपेत त्यांनी मला आईबद्दल सांगितलं. ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिनं पाण्याचा हंडा हातात घेऊन त्यात तोंड घालून हाक मारली होती, आवाज कसा घुमतो ते बघायला. गिऱ्हाईक म्हणून आलेली मुलगी. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

संक्रांतीनंतरची एक दुपार. आकाश स्वच्छ, डोळे दिपतील असं ऊन. अण्णा कठड्याला धरून उभे होते. मी संत्री सोलत होते.

"आज ढगाळ आहे का ग?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातातली साल हातातच राहिली. मी म्हणाले, "हो अण्णा. जरा आभाळ आलंय."

 त्यांचा तळहात स्टीलवर होता, तो त्यांनी हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरवला.

"आभाळ असताना कठडा इतका तापत नाही, बाई," ते म्हणाले.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. आम्ही दोघं तिथं उभे राहिलो, उन्हात, माझी बोटं संत्र्याच्या रसानं चिकट झालेली. माफी मागायची होती. अण्णा म्हणाले, "असू दे. आठ-नऊ महिने मिळाले. गजासकट मोजून मिळाले." आणि मग, "संत्रं गोड आहे का?"

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडे कोपर मागितला. आजवर जिना उतरताना माझा हात झिडकारणारे अण्णा स्वतःहून म्हणाले, "चल, कॅम्पसकडे जाऊन येऊ. मला धर." खाली उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. रस्त्याच्या कडेनं, स्कूटरी चुकवत आम्ही मोठ्या झाडांखाली पोचलो. अण्णा म्हणाले, "आता तू सांग काय काय आहे ते. घाई करू नको."

मी बघायला लागले. सव्वीस वर्षं याच रस्त्यानं कामावर जात होते. सांगायला लागले तर पहिल्या झाडापाशीच अडकले, कारण त्याचं नाव मला माहीत नव्हतं. मग नावाशिवायच सांगितलं. साल कशी आहे, कुणी खिळा ठोकून दोरी बांधली आहे, फांदीवर दोन पोपट एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत. अण्णा ऐकत होते आणि मधेच विचारत होते, "आणि खाली?" खाली एक कुत्री पिल्लांना चाटत होती. तेही सांगितलं.

आता आम्ही रोज जातो. दुसरं झाड करंजाचं आहे, ते मी ग्रंथालयातल्या पुस्तकात शोधून काढलं. पहिल्याचं नाव अजून सापडलेलं नाही. काल अण्णांनी त्याचं एक पान माझ्याकडून तोडून घेतलं आणि येताना वाटभर चुरगाळून हुंगत आले.